नाव माझे, पत्र दुसऱ्याचे



सहा-सात वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली गोष्ट आहे. आमच्या कोरगावात मृगाचा पाऊस एकदा धरला म्हणजे दोन-दोन दिवस सूर्याचे दर्शन नाही, आणि विजेचे तर विचारूच नये. अशाच एका रात्री वीज परत आल्यावर मी माझी ई-मेलची पेटी उघडली. शाळा नुकतीच सुरू झालेली; दोन-चार कार्यालयीन पत्रे असतील, असा अंदाज. पाहतो तो पेटीत सहाशेहून अधिक पत्रे! आणि ती सगळी परत आलेली. कोणी कळवीत होते की, आपले पत्र पोचविता आले नाही. कोणी म्हणे, या नावाचा इसम येथे नाही. कोणी म्हणे, पेटी भरली आहे. आणि कोणी चक्क स्वीकारण्यास नकार देत होते. ज्या देशांची नावे मी भूगोलाच्या पुस्तकातच वाचली, तेथून ही उत्तरे आली होती. गंमत अशी की, त्यांतले एकही पत्र मी लिहिले नव्हते. एक उघडून पाहिले. आत मूळ पत्राची नक्कल होती. कसल्याशा गोळ्यांची जाहिरात, इंग्रजी अर्धेमुर्धे, आणि प्रेषक म्हणून माझे नाव व माझा पत्ता. माझ्या नावाने कोणी तरी जगभर गोळ्या विकीत हिंडत होते, आणि दारे मात्र माझ्या तोंडावर आपटत होती.

मी ती सगळी पत्रे पुसून टाकली. तुम्हीही तेच केले असते. परंतु त्या ढिगाऱ्यात एक पत्र खरे होते, आणि ते मला दिसले नाही. त्याची हकीकत पुढे सांगेन. आधी, मी न धाडलेले पत्र माझ्याकडे परत येते तरी कसे, हा प्रश्न. तो वाटतो तितका नवा नाही. पत्र जितके जुने, तितकेच खोटे पत्रही जुने आहे. आणि माझा विषय इतिहास असल्यामुळे तुम्हाला थोडे मागे नेल्याशिवाय माझे समाधान व्हावयाचे नाही.

टपालाच्या पत्राचे दोन भाग असतात. पाकीट आणि आतले पत्र. टपालखाते पाकीट पाहते. आतला मजकूर एरवी ते पाहत नाही. पत्ता लागला नाही तर पाकिटाच्या मागे लिहिलेल्या नावाकडे ते परत जाते, आणि तेथे जे नाव असेल ते खरे, असे धरून चालते. 'बेरंग' पत्रे पुष्कळांच्या आठवणीत असतील. तिकीट न लावता टाकलेले पत्र. घेणाऱ्याने दुप्पट पैसे भरावे, नाही तर ते धाडणाऱ्याकडे परत. आता एखाद्या खट्याळ माणसाने बेरंग पत्र टाकून मागे शेजाऱ्याचे नाव लिहिले, तर भुर्दंड कोणाला? शेजाऱ्याला. माझ्या पेटीत त्या रात्री जे घडले ते याहून निराळे नव्हते. फरक इतकाच की, टपालपेटीत सहाशे पाकिटे टाकावयाची तर हात दुखतात.

पत्ता चुकण्याची कथा तर आम्हा कोरगावकरांना घरचीच. सातारा जिल्ह्यात कोरेगाव, पुण्याकडे भीमेकाठी कोरेगाव, आणि पेडणे तालुक्यात आम्ही. एका मात्रेचे अंतर. असल्या घोटाळ्यांवर उपाय म्हणून १९७२ साली १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला, आणि त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे मोठे पंडित व कवी होते, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. गोव्याच्या वाट्याला ४०३ हे पहिले तीन आकडे आले. मात्र आकड्याने पत्र कोठे जावे ते कळते. ते कोणी धाडले हे कळत नाही.

ते कळावे म्हणून आपल्या पूर्वजांनी काय काय केले, हे मराठी दप्तरातले कागद पाहिले म्हणजे ध्यानात येते. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब. माथ्याचा शिक्का पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तबाचे काम निराळे. येथे लेखनाची मर्यादा झाली, याखाली कोणी एक अक्षर वाढविले तर ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकाला एक चिकटवीत. त्या सांध्यावर पाठीमागून शिक्का उठवीत, म्हणजे मधला एखादा बंद काढून दुसरा घातला तर शिक्क्याचे दोन तुकडे जुळावयाचे नाहीत. मजकूर कारकुनाच्या हातचा असे; पण नाजूक प्रसंगी धनी स्वतः चार ओळी लिही, आणि त्या स्वदस्तुराच्या ओळींना साऱ्या पत्राहून अधिक किंमत असे. पत्र पोचले की त्यावर पैवस्तीची तारीख पडे. बाहेर जाणाऱ्या कागदाची नोंद बारनिशीत होई. हा बारनिशी शब्द आजही आपल्या सरकारी कार्यालयांत आवक-जावकीच्या टेबलावर जिवंत आहे. तेथे बसणाऱ्या कारकुनाला आपण केवढ्या जुन्या गादीवर बसलो आहोत, याची कल्पना असते की नाही कोण जाणे.

आणि मायना! कोणी कोणास काय म्हणून लिहावे, याचे शास्त्र होते. यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावावर चालणाऱ्या मेस्तकात पत्रलेखनाचे हे संकेत सांगितले आहेत. वडिलांस एक मायना, बरोबरीच्यास दुसरा, धाकट्यास तिसरा. आजच्या मुलांना हे अवडंबर वाटते. पण मायना म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे, ती ओळखीची खूणही होती. चुकीच्या मायन्याचे पत्र आले की जाणता कारकून थबके. माझी थोरली बहीण मस्कतला असते. त्या जूननंतर काही महिन्यांनी तिला माझ्या नावाने पत्र गेले की, मी परगावी अडचणीत सापडलो आहे, ताबडतोब पैसे पाठव. तिने पैसे पाठविले नाहीत. मला टेलिफोन केला. मी विचारले, तुला संशय कसा आला? ती म्हणाली, "अरे, तू मला जन्मभर 'बाय' म्हणतोस. त्या पत्रात माझे नाव लिहून हाक मारली होती." मेस्तक वाचलेले नसतानाही तिने मायना तपासला होता.

मी कॅथलिक घरातला, तेव्हा आणखी एक जुने उदाहरण मला लहानपणापासून ऐकून ठाऊक आहे. संत पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आमच्या नावाने आलेल्या पत्राने गोंधळून जाऊ नका, असे बजावले आहे. आणि शेवटी, नमस्कार मी माझ्या हाताने लिहीत आहे, हीच प्रत्येक पत्रातली माझी खूण, असे सांगितले आहे. म्हणजे पहिल्या शतकातही पौलाच्या नावाने दुसरेच कोणी लिहीत असावेत. यातली मौज अशी की, हे पत्र तरी पौलाचेच का, अशी शंका घेणारे विद्वान आज आहेत! खूण सांगितली की ती खूणच उचलणारा निघतो. आपल्याकडे रामायणात सीतेला हनुमंताविषयी शंका आली, कारण रूप पालटून येणारा एक जण तिने पूर्वी पाहिला होता. रामाची मुद्रिका पाहिल्यावर तिचा विश्वास बसला, आणि परत जाताना तिने चूडामणी दिला. जाणाऱ्या निरोपाला खूण आणि परतीच्या निरोपालाही खूण, हा व्यवहार मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याची आठवण ठेवा. यंत्रांच्या जगात तो पुन्हा भेटणार आहे.

खोट्या पत्राचा प्रश्न निघाला म्हणजे कोणी तरी 'ध'चा 'मा' काढतोच. १७७३ साली ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. रघुनाथरावांनी 'धरावे' असे लिहिले होते आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून 'मारावे' केले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. तिला भक्कम कागदी पुरावा नाही. रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. पण एक अक्षर वाटेत पालटले की अर्थ पालटतो, ही भीती लोकांच्या मनात इतकी खोल होती की कथा टिकली. त्याच काळातला तोतयाचा प्रकार निराळा. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे म्हणत एक जण उभा राहिला. १७७६ मध्ये रत्नागिरीहून निघून त्याने कोकणचे किल्ले घेतले, आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. तेथे अक्षर नव्हे, माणूसच खोटा होता.

परंतु मला सर्वांत विचार करावयास लावते ती एक तिसरीच हकीकत, आणि तिचा शेवट आमच्या शेजारी, डिचोलीला येऊन पोचतो.

१६८१ सालचा जानेवारी महिना. औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर याने बापाविरुद्ध बंड केले, स्वतःस बादशहा म्हणविले, आणि दुर्गादास राठोड व इतर राजपुतांना बरोबर घेऊन तो अजमेरवर चालून आला. औरंगजेबाजवळ त्या वेळी फौज थोडी होती. लढाई झाली असती तर काय झाले असते, सांगता येत नाही. ती झालीच नाही. आदल्या रात्री औरंगजेबाने अकबराला एक पत्र लिहिले. आशय असा की, शाबास मुला, ठरल्याप्रमाणे तू राजपुतांना बरोबर सापळ्यात आणलेस. आता उद्या ते दोन्ही फौजांच्या मध्ये सापडतील. हे पत्र अकबराच्या हाती जावयाचे नव्हतेच. ते दुर्गादासाच्या हाती पडावे, अशी तजवीज करण्यात आली होती, आणि तसे ते पडले.

दुर्गादास भोळा नव्हता. तो पत्राची शहानिशा करण्यासाठी अकबराच्या डेऱ्यावर गेला. तेथे उत्तर मिळाले की, शहजादे झोपले आहेत, उठविण्याची परवानगी नाही. मग अकबराचा मुख्य सल्लागार तहव्वुरखान याची चौकशी झाली. तो त्याच रात्री बादशहाच्या छावणीकडे निघून गेला होता. तेथे तो मारला गेला, हे इकडे कोणास ठाऊक असणार? राजपुतांचा संशय पक्का झाला. पहाट होण्यापूर्वी ते निघून गेले. सकाळी अकबर उठतो तो छावणी ओस! पुढे खरे काय ते दुर्गादासाला कळले आणि त्याने शहजाद्याला पाठीशी घातले, पण हातची वेळ गेली होती.

दुर्गादासाने अकबराला दक्षिणेत आणले. १६८१च्या जूनमध्ये तो पालीला पोचला, नोव्हेंबरमध्ये संभाजीराजांची व त्याची भेट झाली. त्याच्या पाठोपाठ औरंगजेब दक्षिणेत उतरला, तो परत उत्तरेत गेला नाही. अकबराचा मुक्काम पुढे डिचोलीला पडला. १६८३-८४ मध्ये संभाजीराजे आणि पोर्तुगीज यांचे युद्ध चालू असता तहाच्या बोलण्यांत तो मध्यस्थ होता. डिचोलीचा नमाजगा लोक त्याच्याच मुक्कामाशी जोडतात. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या या सगळ्या व्यवहाराचे कागद पणजीच्या दप्तरातून शोधून काढण्याचे श्रेय डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांचे. १६८७ मध्ये अकबर राजापूरहून गलबतात बसून इराणला गेला. तेथेच तो वारला.

मी मुलांना नमाजगा दाखविण्यास घेऊन जातो तेव्हा विचारतो, ते पत्र खोटे होते का? मुले म्हणतात, होय. मग मी विचारतो, शिक्का कोणाचा? बादशहाचा. लिहिले कोणी? बादशहानेच. म्हणजे प्रेषक खरा! मायना, शिक्का, मोर्तब, सारे काही कसोटीला उतरले असते. खोटा होता तो मजकूर, आणि खोटा होता तो पत्ता; कारण पाकिटावर नाव एकाचे आणि इच्छा दुसऱ्याने वाचावे अशी. याच्या उलट युक्ती शेरशहाने १५४४ मध्ये मारवाडच्या मालदेवावर केली. मालदेवाच्या सरदारांच्या नावाची बनावट पत्रे त्याच्या छावणीजवळ पडू दिली, आणि मालदेव आपल्याच माणसांना भिऊन मागे हटला. तेथे प्रेषक खोटे होते. एकाला शिक्का तपासून पकडता आले असते, दुसऱ्याला नाही. हा भेद मनात ठेवून आता यंत्राकडे वळू.

एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडण्याचा पहिला प्रयोग १९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी केला. पत्त्यातले ॲटचे चिन्ह त्यांचेच. पत्रांच्या देवघेवीचे जे नियम आजही मुळाशी आहेत, ते जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. त्या नियमांप्रमाणे दोन यंत्रे एकमेकांशी बोलतात. पहिले यंत्र 'हेलो' म्हणून आपले नाव सांगते. मग सांगते, पत्र अमक्याकडून आहे. मग, अमक्यासाठी आहे. मग मजकूर देते. यांतले 'अमक्याकडून' म्हणजे पाकिटावरचे नाव. मजकुराच्या माथ्यावर आणखी एक 'प्रेषक' असतो. आपण पडद्यावर वाचतो तो हा. ही दोन नावे एक असलीच पाहिजेत असे बंधन नव्हते, आणि दोहोंपैकी एकही खरे असल्याची चौकशी कोणी करीत नसे. यात पोस्टेल यांचा हलगर्जीपणा पाहणे अन्यायाचे होईल. त्या वेळी जोडलेली यंत्रे थोडी, चालविणारे बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे. आमच्या वाड्यावर कोणी "मी अमक्याचा मुलगा" म्हणून आला तर त्याचा दाखला कोण मागतो?

पत्र पोचले नाही तर काय करावे, याचाही विचार नियमांत होता. न पोचल्याची वर्दी पाकिटावरच्या प्रेषकाकडे जावी. आता ती वर्दीच पोचली नाही तर? तिची वर्दी, मग त्या वर्दीची वर्दी, असा घाण्याचा फेरा सुरू होईल. म्हणून सांगितले की, वर्दीच्या पाकिटावर प्रेषकाची जागा मोकळी सोडावी. मोकळ्या नावाचे पत्र परत धाडता येत नाही. ते तेथेच संपते. एवढ्याशा मोकळ्या जागेने केवढा अनर्थ टाळला!

भोळेपणाचा फायदा घेणारे पुढे निघालेच. १९७८च्या मे महिन्यात एका संगणक-कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात धाडली. पण निदान ती त्याने स्वतःच्या नावाने धाडली. जानेवारी १९९७ मध्ये मात्र एक नवे पाऊल पडले. जोज डॉट कॉम नावाच्या संकेतस्थळाने जाहिराती पसरविणाऱ्या एका इसमाचे खाते बंद केले. सूड म्हणून त्याने त्याच संकेतस्थळाच्या नावाने जाहिरातींचा भडिमार केला. चिडलेल्या लोकांचा राग आणि परत आलेल्या पत्रांचा लोंढा निरपराध माणसाच्या दारात. इंग्रजीत या प्रकाराला तेव्हापासून त्या 'जो'चेच नाव पडले आहे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १९९५च्या १५ ऑगस्टपासून. म्हणजे आपण त्या गावात राहावयास आलो आणि दोन वर्षांत चोऱ्या सुरू झाल्या म्हणावयाचे.

ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग आणि जानेवारी २००४ मध्ये मायडूम हे संगणक-विषाणू पसरले, तेव्हा तर माणसाच्या खोडसाळपणाचीही गरज उरली नाही. विषाणू ज्याच्या यंत्रात शिरे त्याच्या वहीतले पत्ते उचली, एकाला पत्र धाडी आणि दुसऱ्याचे नाव प्रेषक म्हणून घाली. तिसराच कोणी, ज्याचे यंत्र स्वच्छ, त्याला वर्दी येई. कित्येक ठिकाणच्या विषाणू रोखणाऱ्या व्यवस्थाही इमाने इतबारे त्याला बजावीत की, तुमच्या पत्रात रोग आहे! रोगी एक आणि धाक दुसऱ्याला.

बनावट पत्र करणारा काल्पनिक नाव का घालीत नाही, खऱ्या माणसाचे का, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले. एक तर पुष्कळ यंत्रे निदान एवढे पाहतात की, ॲटच्या पुढचे ठिकाण अस्तित्वात आहे की नाही. तेव्हा नाव जिवंत पाहिजे. दुसरे, परत येणारा कचरा कोठे तरी जावयास हवा, आणि तो स्वतःच्या अंगणात कोणाला नको असतो.

या कचऱ्यावरचा पहिला उपाय साधा आहे, आणि तो पत्र घेणाऱ्याच्या हातचा आहे. आमच्या टपालवाल्याला दारातच सांगितले की, या नावाचा येथे कोणी राहत नाही, तर तो पत्र आमच्या हाती देत नाही. प्रकरण त्याच्या थैलीतच राहते. पण पत्र घेतले, फळीवर ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी 'येथे कोणी नाही' म्हणून मागे लिहिलेल्या नावाला परत धाडले, तर ते नाव खोटे असल्यास आपण एका निरपराध्याला त्रास दिला. ई-मेलच्या सर्व्हरचे अगदी असेच आहे. संभाषण चालू असतानाच, मजकूर घेण्यापूर्वी, नकार द्यावा. मग समोरचे यंत्र प्रामाणिक असेल तर ते आपल्या माणसाला कळवील. लबाड असेल तर गप्प बसेल, आणि तिसऱ्याला झळ लागणार नाही. आधी घेऊन मागून परत करणारे सर्व्हर हेच माझ्या त्या सहाशे पत्रांचे उगमस्थान होते. पुष्कळदा मुख्य सर्व्हर चोख असतो, पण अडीअडचणीसाठी ठेवलेल्या दुय्यम सर्व्हरजवळ आपल्या माणसांची यादीच नसते. तो येईल ते घेतो. राखणदार नेमला आणि घरात कोण राहते हे त्याला सांगितले नाही, त्यातला प्रकार.

दुसरा उपाय खुणेचा. सर्व्हरने आपल्या बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या परतीच्या पत्त्यात एक गुप्त खूण गुंफावी. जी वर्दी ती खूण घेऊन परत येईल तीच घ्यावी, बाकीच्या दारातूनच लावून द्याव्या. चूडामणी आणला नाही त्याला वानर म्हणून ओळख देऊ नये.

आणि मग शिक्के-मोर्तब आले. फार उशिरा आले, पण आले. एसपीएफ नावाच्या योजनेत, ज्याची तपशीलवार नियमावली २००६ मध्ये निघाली, प्रत्येक संस्था जाहीर करते की, आमची पत्रे फक्त या या यंत्रांतून निघतात. पाकिटावर आमचे नाव आणि पत्र भलत्याच यंत्रातून आले, तर समजून घ्या. आमचा जासूद कोण, हे आधीच कळवून ठेवण्यासारखे. यातली अडचण अशी की, पत्र एका पेटीतून दुसरीकडे पुढे धाडले की जासूद बदलतो आणि खरे पत्रही खोटे ठरू शकते. २००७ मधल्या डीकेआयएमने मजकुरावरच गणिती शिक्का उठविला. वाटेत 'ध'चा 'मा' झाला तर शिक्का जुळत नाही. सांध्यावरच्या शिक्क्याची हीच युक्ती. तरीही पडद्यावर दिसणारे नाव मोकळेच होते. पाकिटावर आपले खरे नाव आणि आत बँकेचे नाव घालणारा लबाड दोन्हींतून निसटे. म्हणून ज्याची नियमावली पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली त्या डीमार्कने सांगितले की, दिसणारे नाव आणि तपासलेले नाव जुळले पाहिजे. न जुळल्यास पत्र घ्यावे, बाजूला ठेवावे की नाकारावे, हे नावाचा मालक ठरवील.

कडक नियमाने सज्जनही भरडले जातात. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या नावाची न जुळणारी पत्रे सरळ नाकारा, असे जाहीर केले, तेव्हा मंडळांमार्फत अनेकांना वाटली जाणारी कितीतरी खरी पत्रे परत आली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले आहे. बरे झाले. पण औरंगजेबाचे पत्र यातून अडले असते का? नाही. शिक्का त्याचाच होता. आजही चोराने एखाद्याचे खरे खाते चोरले आणि त्यातून पत्र लिहिले, तर तिन्ही परीक्षांत ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल.

कायद्याचीही एक गमतीची कथा आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आले. त्यात इतर गोष्टींबरोबर, पत्र कोठून आले याविषयी घेणाऱ्याची दिशाभूल करणे हाही गुन्हा होता. पण त्या कलमाचे शब्द इतके सैल की, लोकांना मत मांडल्याबद्दल अटका होऊ लागल्या. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सगळेच कलम रद्द केले. ते योग्यच झाले. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक करण्यास मात्र ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आजही आहे. माझ्या गोळ्यांच्या जाहिरातीवाल्याला ते कोण व कोठे लावणार, हा प्रश्न वेगळा.

आता ते खरे पत्र. आमच्या एका विद्यार्थिनीला त्या जूनमध्ये परगावच्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळावयाचा होता. तिच्या एका दाखल्याची प्रत शाळेकडून ई-मेलने, ठरल्या तारखेच्या आत हवी होती. ते काम मी आनंदाने अंगावर घेतले, आणि त्याच दिवशी दुपारी ती प्रत पाठविली. पत्ता लिहिताना एक अक्षर चुकले. कोरगावचे कोरेगाव व्हावे, तेवढेच. त्या सर्व्हरने आपले कर्तव्य केले. असा कोणी येथे नाही, अशी वर्दी ताबडतोब परत धाडली. ती त्या सहाशे खोट्या वर्द्यांच्या मध्ये येऊन पडली, आणि मी साऱ्यांबरोबर तीही पुसली. तारीख उलटल्यावर मुलीला कळले की, तिचा अर्ज अपुरा म्हणून बाजूला ठेवला. मी फोन केले, स्वतः जाऊन आलो. जागा भरल्या होत्या. तिने ते वर्ष म्हापशाला दुसऱ्याच विषयात काढले.

तिच्या वडिलांचे गावात लहानसे दुकान आहे. मी त्यांच्याकडे जाऊन खरे ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "मास्तर, पोस्टातले पत्र परत आले की पोस्टमन दारात येऊन हाक मारतो. या यंत्राने सांगितले नाही का?"

मी म्हणालो, सांगितले होते.

शाळेच्या बारनिशीत त्या वर्षापासून जावकीच्या पानावर एक रकाना अधिक आखला आहे. त्याच्या माथ्यावर 'परत' असे लिहिले आहे. बाहेर गेलेल्या प्रत्येक ई-मेलसमोर दुसऱ्या दिवशी सकाळी कारकून किंवा मी त्या रकान्यात खूण करतो, आणि पत्ता धाडण्यापूर्वी दोघे जण वाचतो.